तेरावे सत्र

पदव्युत्तर कक्षाच्या खिडकीपाशी त्या सकाळी तिघे जण पदवीचा अर्ज घेऊन उभे होते, आणि तिघांत सगळ्यात जास्त मिळायचं होतं ते केबलरावांना. पुढच्या दोन पोरांना नुसती पदवी मिळणार होती. केबलरावांना दार मिळणार होतं.

सतरा वर्षं ते संगणकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत, सर्व्हरच्या खोलीच्या तोंडाशी टेबल टाकून बसत होते. दार सर्व्हरला होतं, केबलरावांना नव्हतं. त्यामुळे कुणीही "जरा बघता का" म्हणत थेट त्यांच्या उघड्या डब्यापर्यंत येऊन उभा राहू शके. प्रणाली अधिकाऱ्याला मात्र वरच्या मजल्यावर खोली होती. त्या जागेला संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागे. जुने अधिकारी निवृत्त झाले होते, जाहिरात लागली होती आणि पदवीचा दाखला महिनाअखेरपर्यंत जोडायचा होता. ही वेळ हुकली तर जागा पुन्हा रिकामी होईपर्यंत केबलराव स्वतःच निवृत्त झालेले असणार. म्हणजे एका कागदावर एक खोली, पगाराची एक पायरी आणि विभागाच्या संकेतस्थळावरच्या 'इतर कर्मचारी' या मथळ्याखालून सुटका, इतकं सगळं अवलंबून होतं.

केबलराव हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना ते पांढरी पट्टी चिकटवीत आणि ती कुठून निघते, कुठे जाते, हे बारीक अक्षरात लिहून ठेवीत. पुढे प्राध्यापकही त्यांना केबलरावच म्हणू लागले. पगारपत्रक सोडलं तर त्यांच्या खऱ्या नावाचा कुणाला उपयोग उरला नव्हता, आणि त्यांचीही तक्रार नव्हती.

खिडकीच्या आत बाई होत्या. मागे सगळे त्यांना नियमबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. सव्वीस वर्षं कुणाचे किती विषय झाले आणि कुणाची पदवी कुठे अडली, हे त्याच ठरवीत आल्या होत्या. पुढच्या दोन्ही पोरांचे क्रमांक त्यांनी संगणकात घातले. दोन्ही वेळा हिरवी ओळ आली, दोन्ही अर्जांवर शिक्का पडला. केबलरावांचा अर्ज घेताना बाई चक्क हसल्या. म्हणाल्या, आलात का एकदाचे. मग त्यांनी क्रमांक घातला आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, कारण ओळ लाल आली होती.

'कालमर्यादा ओलांडली आहे. मोजलेली सत्रे: तेरा. अनुज्ञेय सत्रे: बारा. तसदीबद्दल क्षमस्व.'

हा प्रोग्रॅम केबलरावांनीच लिहिला होता. 'तसदीबद्दल क्षमस्व' ही भरही त्यांचीच. कोरडा नकार बरा दिसत नाही, असं त्यांना वाटलं होतं.

"परत टाकते," बाई म्हणाल्या. परत टाकला. परत तेच.

"बरोबर आहे," केबलराव म्हणाले. "तेराच होतात. पण मशीनं हलवली ते सत्र माझ्यात धरायचं नव्हतं."

"ते याला कुठे सांगायचं?" बाईंनी विचारलं.

कुठेच सांगता येत नव्हतं. हे केबलरावांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

नियम तसे अवघड नव्हते. दहा विषय, तीस क्रेडिट. चार विषय सक्तीचे, पाच निवडीचे, शेवटी एक प्रकल्प. आणि सगळं बारा सत्रांच्या आत; त्याहून जुना झालेला विषय बाद, तो पुन्हा द्यायचा. कर्मचाऱ्यांना फी माफ होती, पण एका सत्रात एकच विषय घेता येई. दहा विषयांना दहा सत्रं गेली तरी दोन हाताशी उरत होती. पहिलं जादा सत्र केबलरावांनी थिअरीत नापास होऊन घालवलं, दुसरं मुलीच्या ऑपरेशनात गेलं. इथवर बारा. तिसरं त्यांनी घालवलं नव्हतं, ते मागून घेतलं गेलं होतं. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावरून तळघरात न्यायची होती, चाळीस मशीनं आणि त्यांच्या मागचं सगळं जंजाळ. विभागप्रमुख, म्हणजे सर, म्हणाले होते, या सत्रात विषय घेऊ नका, तुमच्याशिवाय हे कुणाच्यानं होणार? आणि काळजी करू नका, ते सत्र तुमच्यात धरणार नाही. केबलराव हो म्हणाले. लेखी रजेचा अर्ज सत्राच्या पहिल्या आठवड्यात करायचा असतो. त्या आठवड्यात ते जिन्यावर होते, खांद्यावर मॉनिटर घेऊन.

एरवी यात भिण्यासारखं काही नव्हतं. बाई हाताने तपासत, त्या काळात विभागाच्या कामात गेलेलं सत्र त्या मोजतच नसत. कुणाला प्राध्यापकांनी आपल्या कामासाठी सहा महिने दुसरीकडे पाठवलेलं असे, कुणाला परीक्षांच्या कामाला जुंपलेलं असे. अशा फायलीच्या समासात बाई पेन्सिलीने 'वि. का.' एवढंच लिहीत, विभागाचं काम, आणि एक सत्र वजा करीत. नियमावलीत याचा उल्लेख नव्हता. कुणी बाईंना विचारलं नव्हतं, बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याचं काम होई तो आनंदाने निघून जाई. आपल्या पदवीत अर्धा इंच पेन्सिल आहे, हे त्याच्या गावीही नसे.

मग केबलरावांच्या प्रकल्पाची वेळ आली. विषय सरांनीच सुचवला: बाईंची तपासणी संगणकावर आणा. सगळे नियम घाला. केबलराव मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी वही घेऊन बाईंशेजारी बसू लागले. पहिले दोन आठवडे बाई हुं आणि अंहं यापलीकडे बोलल्या नाहीत. आपलं काम लिहून घ्यायला आलेल्या माणसाशी कुणी गोड बोलत नाही. पण केबलराव मन लावून ऐकत, आणि बाईंचं कुणी मन लावून ऐकल्याला बरीच वर्षं झाली होती. हळूहळू त्या त्यांच्यासाठी चहा मागवू लागल्या. प्रत्येक नियम त्या पुस्तिका उघडून, बोट ठेवून वाचून दाखवीत.

केबलराव विचारत, "आणि प्रत्यक्षात कसं करता?"

बाई म्हणत, "नियम आहे तसंच करते. दुसरं कसं करणार?"

मग चाचणी आली. केबलरावांनी दहा वर्षांच्या चारशे बारा जुन्या फायली प्रोग्रॅममधून काढल्या आणि एका गुरुवारी यादी घेऊन बाईंसमोर बसले.

"एकतीस जुळत नाहीत, बाई. प्रोग्रॅम नाही म्हणतो, तुम्ही हो म्हटलंय."

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"माझ्या चुका असतील."

"एकतीस? तुमच्या?"

"माणूस आहे मी, केबलराव. मशीन आत्ता आलंय."

"सगळ्यांवर पेन्सिलीने एक खूण आहे."

"ती माझी खूण आहे. तुमच्या कामाची नाही."

बाईंचाही हिशेब होता, आणि तो चुकीचा होता असं म्हणवत नाही. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सव्वीस वर्षं नियमबाई म्हणवून घेतल्यावर, आपण एकतीस वेळा नियम वाकवला, हे चार प्रतींत छापून सरांच्या टेबलावर जाऊ द्यायचं म्हणजे हातातलं निवृत्तिवेतन उन्हात ठेवून झोपी जायचं. शिवाय विद्यार्थ्यांचे प्रकल्प पुढे कुठे जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते लोखंडी कपाटात जात. सव्वीस वर्षांत त्या कपाटातून एकही प्रकल्प परत बाहेर आला नव्हता, आणि किल्ली बाईंच्याच ड्रॉवरमध्ये होती. हाही तिथेच जाईल. केबलराव पास होतील, मग त्यांची फाइल आपल्याकडेच येईल, आपण पेन्सिल उचलू. कुणाचंच नुकसान नाही.

फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात राहून गेली. आजवरचे प्रकल्प पोरांनी केलेले होते. हा अशा माणसाने केला होता, जो चालत नाही ती वस्तू टेबलावर ठेवून घरी जात नसे.

केबलराव काही दुधखुळे नव्हते. एकतीस फायली आणि एकतीस खुणा, यातून जे समजायचं ते त्यांना समजलं. त्यांनी अहवालात लिहिलं: 'एकतीस नोंदी जुन्या कागदपत्रांच्या अपुरेपणामुळे चाचणीतून वगळल्या आहेत.' खाली सही केली. बाईंशी यातलं काही बोलले नाहीत, आणि बाईंनीही विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी चहाबरोबर बिस्किटं आली.

प्रकल्पाला वरची श्रेणी मिळाली. सरांनी प्रोग्रॅम कुलसचिवांना दाखवला, कुलसचिवांना तो फार आवडला, आणि सत्र संपायच्या आत आदेश निघाला: यापुढे सगळे अर्ज संगणकावरच तपासावेत, हाताने तपासणी बंद. सरांना सुधारणा समितीत जागा मिळाली. स्वतःचा क्रमांक केबलरावांनी कधी घालून पाहिला नव्हता. बारा सत्रं त्यांना तोंडपाठ होती. तेरावं सरांनी माफ केलेलं होतं.

लाल ओळ आली त्याच दुपारी ते सरांकडे गेले. सर बसा म्हणाले. केबलराव उभेच राहिले आणि त्यांनी मशीनं हलवण्याच्या सत्राची आठवण दिली. तुम्ही म्हणाला होतात, धरणार नाही म्हणून.

सरांनी थोडं आठवून पाहिलं. "मी तुम्हाला विचारलं होतं, केबलराव. तुम्ही हो म्हणालात."

दोन ओळी लिहून मिळाल्या तर, असं केबलरावांनी सुचवलं. सरांनी मग फार समजुतीने, एखाद्या हळू चालणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. प्रोग्रॅम लागून महिना झालेला. पहिलाच अपवाद करायचा तो आपल्या विभागातल्या माणसासाठी, त्यातही प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याच्यासाठी, आणि सही कुणाची, तर ज्याने शिफारस केली त्याची. समितीत लोक काय म्हणतील? रजेचा अर्ज पहिल्या आठवड्यात लेखी हवा, हा नियमही तुम्हीच घातलाय त्यात. तरीसुद्धा मी वाईट माणूस नाही, सर म्हणाले, आणि ते खरंच फार वाईट नव्हते.

"पूर्वी असं कधी झालंय का?" त्यांनी विचारलं. "एक उदाहरण द्या. एकच. लगेच कुलसचिवांकडे जातो आणि तुमचं करून आणतो. दहा वर्षांच्या फायली तुम्ही स्वतः चाळल्यात. आहे एखादं?"

सरांच्या मागच्या फळीवर निळ्या बांधणीचा अहवाल उभा होता. केबलरावांनी त्याच्याकडे पाहिलं. खरं उत्तर एकतीस होतं.

"नाही," केबलराव म्हणाले.

"मग बघा," सर म्हणाले, आणि त्यांना वाईटही वाटलं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. सारा दिवस मुदत संपलेल्या बाटल्या फळीवरून खाली काढायच्या, हे तिचं काम. त्यामुळे विषय बाद होतो म्हणजे काय होतं, हे तिला समजवावं लागलं नाही. एकतीस फायलींचं मात्र दोनदा सांगावं लागलं.

"मग काढा ना त्या फायली," ती म्हणाली.

"अपुऱ्या आहेत, असं लिहून दिलंय मी."

"कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"कुणीच नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्त झाला.

केबलरावांनी वही काढली. पहिला विषय तेवढा बाद झाला होता, तो पुढच्या सत्रात परत देता येईल. पण पुढचं सत्र संपेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपणार. दुसरा द्यावा तर तिसरा जाणार. सत्रात एकच विषय, त्यामुळे एक कमवायचा आणि एक गमवायचा. मुलीने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे तर जिममधल्या पट्ट्यासारखं आहे. चालायचं चालायचं आणि तिथेच."

बायको हात पुसत आली. तिने वही ओढून घेतली आणि दुकानातली यादी तपासावी तशी बोट फिरवत वाचली.

"ही पाचवी ओळ रिकामी का?"

"तेव्हा थिअरीत नापास झालो होतो."

"म्हणजे तिथे मुदत संपायला काही नाहीच." तिने आकडे मोजले. "चार विषय परत दिलेत की पाचव्याला तुम्ही गाठता. पुढचे सगळे ताजे आहेत." मग वही त्यांच्याकडे सरकवून म्हणाली, "उभ्या जन्मात एकदा नापास झालात ते कामाला आलं. अजून दोनदा तरी व्हायचं होतं."

मुलगी हसली. केबलरावही हसले. मग हिशेबाचा दुसरा भाग समोर आला: चार सत्रं म्हणजे दोन वर्षं, आणि जागा महिनाअखेरीस भरणार. परत दिलेल्या विषयाला फीची माफीही नसते. बायकोने विचारलं की आता ती पदवी घेऊन करायचं काय. केबलरावांनी वही मिटली.

दोन दिवसांनी बाई तळघरात आल्या. इतक्या वर्षांत त्या प्रयोगशाळेत कधी आल्या नव्हत्या, त्यांना जिना विचारावा लागला. केबलरावांनी खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. सरांच्या खोलीत काय झालं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"मी सांगू का सरांना?" त्या म्हणाल्या. "पेन्सिलीचं."

विचारायला आलेला माणूस खांद्यावरची पर्स खाली ठेवत नाही, तेव्हा त्याला कोणतं उत्तर हवंय ते समजतं. केबलरावांनी हिशेब मांडला. बाईंनी सांगितलं तर एकतीस पदव्या उकरल्या जाणार, बाईंची चौकशी लागणार, आपला अहवाल खोटा ठरणार, आणि या सगळ्यातून महिनाअखेरपर्यंत दाखला बाहेर पडेल याची खात्री कुणीच देणार नाही. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाई 'सांगते' म्हणाल्या असत्या तर त्यांनी अडवलं नसतं, हेही तितकंच खरं होतं.

"राहू द्या," ते म्हणाले.

"बघा हं. मी विचारलं होतं."

"हो. तुम्ही विचारलंत."

बाई जिना चढून गेल्या. जाताना त्यांची चाल येतानापेक्षा हलकी होती. वयाच्या मानाने तर चांगलीच हलकी.

महिनाअखेरीस जागा भरली. नवा अधिकारी याच विभागाचा जुना विद्यार्थी निघाला, तिशीतला, बोलायला नम्र. त्याचं खातं उघडून द्यायला केबलराव वर गेले. त्याने आपला विद्यार्थी असतानाचा क्रमांक सांगितला आणि केबलरावांची बोटं क्षणभर थांबली. महिनाभर ज्या यादीकडे ते टक लावून बसले होते, तिच्यातला तो अकरावा होता. त्यांनी खातं उघडलं, पासवर्ड चालतो की नाही ते दोनदा पाहिलं आणि निघताना दार लावून घेतलं. पदवी नेमकी कशी मिळाली, हे त्या पोराला माहीत नव्हतं. त्याचा काही दोष नव्हता.

पुढे वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात सर म्हणाले की सत्तावीस वर्षांत बाईंच्या हातून एकदाही नियम मोडला गेला नाही. टाळ्या बऱ्याच पडल्या. केबलरावांनीही वाजवल्या. ध्वनिक्षेपक त्यांनीच लावलेला होता.

पण ते नंतरचं. जागा भरली त्याच्या पुढच्या आठवड्यात नवं सत्र सुरू झालं. पहिल्या विषयाचा पहिला तास. वर्गात बावीस-तेवीस वर्षांची साठ पोरं, आणि शिकवायला एक नवीन प्राध्यापिका. प्रोजेक्टर लागेना. तिने दोनदा बटण दाबलं, मग दाराकडे पाहून म्हणाली, कुणीतरी खालून केबलरावांना बोलवा. तिसऱ्या बाकावरून केबलराव उठले, पुढे गेले, सैल झालेली केबल काढून घट्ट बसवली. पडद्यावर चित्र आलं. आभार मानून ती ते बाहेर जायची वाट पाहत थांबली. केबलराव परत तिसऱ्या बाकाशी आले, बसले आणि त्यांनी वही उघडली. तिने हजेरीचा कागद पुन्हा पाहिला, आणि मग कधी नव्हे ते विभागात कुणीतरी त्यांचं खरं नाव मोठ्याने वाचलं.

"हजर," केबलराव म्हणाले.

तेव्हा एकूण जमाखर्च असा राहिला. सरांना समिती मिळाली, बाईंना भाषण मिळणार होतं, नव्या अधिकाऱ्याला खोली, आणि एकतीस जणांच्या पदव्या जागच्या जागी राहिल्या. यांपैकी कुणालाही काही भरावं लागलं नाही. केबलरावांचीही फी केबलरावांनी भरली नव्हती. नाव नोंदवून ते तीन आठवडे फीचा कागद खिशात घेऊन फिरत होते. घरी विषय काढायचा म्हणत आणि काढत नसत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते फीच्या खिडकीशी मुदत वाढवून मागायला गेले, तेव्हा आतल्या कारकुनाने पावती पुढे केली. म्हणाला, सकाळीच भरून गेल्या, दुकानाचा एप्रन अंगावर होता. पावतीवर 'भरणाऱ्याचे नाव' या रकान्यात बायकोची सही होती. बाकी सगळ्यांनी सगळं काही रीतसर विचारून घेतलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.